दोन आडव्या रेघांच्या अलीकडे

मशीननं मला शिवी घातली, असंच मला वाटलं.

सत्त्याण्णव सालचा जुलै. रोह्याला धाटावच्या बाजूला एका केमिकल कारखान्यात मी कंट्रोल रूमला होते. दुपारची शिफ्ट. टाक्या भरायचं आणि रिकाम्या करायचं सगळं काम एका कॉम्प्युटरच्या तालावर चालायचं. बाहेर पत्र्यावर पाऊस धडधडत होता, आत पडद्यावर हिरवे आकडे शांतपणे पळत होते... आणि एकदम सगळं थांबलं. आकडे गायब. त्यांच्या जागी वरपासून खालपर्यंत इंग्रजी अक्षरांची ओकारी. एका शब्दात मध्येच आकडा, दुसऱ्यात नुसत्या रेघा, तिसरा तर वाचायला गेलं की जीभ अडकते.

तोंडचं पाणी पळालं माझ्या. टाकी भरत होती आणि तिला थांबवणारं कुणी नव्हतं. जिना उतरून धावले, व्हॉल्व्ह हातानं पिळून बंद केला, निथळत वर आले आणि मशीनवर चिकटवलेला नंबर फिरवला. प्रोग्राम पेणच्या एका छोट्या कंपनीचा. रामवाडीला टायरच्या दुकानावर दोन खोल्या, एवढीच ती कंपनी.

"हॅलो?" एका पोराचा आवाज.

"तुमच्या मशीनला वेड लागलंय."

"कोण बोलतंय?"

"रोह्यावरनं. किमया पाटील. हा प्रोग्राम कुणी लिहिलाय ते सांगा आधी."

"मी... मीच लिहिलाय. अद्वय टिपणीस."

"शुद्धीत होता काय लिहिताना?"

मला वाटलं आता हा फोन आपटणार. तो हसला. मी इथे भिजून कुडकुडतेय, एक टाकी उतू जाता जाता राहिली आणि हा माणूस हसतोय!

"पडद्यावर जे दिसतंय ते वाचून दाखवाल?" तो म्हणाला. "एकेक अक्षर. सगळ्यात वरची ओळ."

"ह्याला ओळ म्हणायची? बी, एच, ए, आर. मग आडवी रेघ. परत आडवी रेघ. मग चार. टी, ए, के, आय. मग आणखी एक आय. मग डी."

"भर," तो म्हणाला.

"काय भरू?"

"नाही हो, नाव आहे ते. मी लिहिताना साधं लिहिलंय, टाकीचं 'भर' नावाचं काम. पण कंपायलर असतो ना, आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा, तो नावाचं गाठोडं बांधतो. कारण 'भर' नावाची कामं पुष्कळ. टाकीचंही भर, पिंपाचंही भर. गोंधळ नको म्हणून आधी स्वतःचं नाव, मग दोन आडव्या रेघा, मग ते कोणाचं, आणि शेवटी बरोबर काय काय घेऊन येतं ते. चार म्हणजे पुढचं नाव चार अक्षरांचं. टी, ए, के, आय. टाकी. नंतरचा आय म्हणजे टाकीचा नंबर, डी म्हणजे किती लिटर."

मी पडद्याकडं बघत राहिले. ओकारी हळूहळू बोलायला लागली होती.

"म्हणजे लग्नपत्रिका," मी म्हटलं.

"अं?"

"आधी पोरीचं नाव, मग ती कुणाची, मग काय घेऊन येते. तुमचा कंपायलर आपल्याकडचाच दिसतोय."

तिकडनं हळूच, "...असं मला कधी सुचलं नव्हतं."

"सुचेल कसं? पत्रिकेत तुमचं नाव कुणी गाठोड्यात बांधत नाय."

पुढच्या ओळीही त्यानं सोडवल्या. सगळ्यात वर असतं ते जिथं प्रोग्रामचा जीव गेला ते ठिकाण. त्याच्या खाली त्याला हाक मारणारा. त्याच्या खाली त्या हाक मारणाऱ्याला हाक मारणारा. कोणी कोणाला हाक मारली ते उलटं मोजत जायचं, की चूक सापडते. सापडली. संध्याकाळच्या आत हिरवे आकडे परत पळायला लागले.

पण त्या पावसाळ्यात प्रोग्राम पुन्हा पुन्हा पडला. आणि फोनवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात, पी आणि टी तसेच. म्हणून मी माझीच बाराखडी काढली.

"बी... बोंबील. डी म्हणजे डोल, मासे धरायचं जाळं. पी पापलेट. टी तिसऱ्या."

"हळू सांगा हो," तो कण्हला. "सकाळपासून नुसत्या चहावर आहे."

"एल, लेपा. मसाला लावून, तव्यावर—"

"किमया!"

पहिल्यांदा त्यानं नुसतं नाव घेतलं. 'बाई' नाय, 'पाटील' नाय. मी रिसीव्हर ह्या कानावरनं त्या कानावर घेतला, उगाच.

खरं सांगते, प्रोग्राम बंद पडला की मला बरं वाटायला लागलं. आणि एक दिवस बंद न पडताच मी फोन केला.

"काय पडलं आज?"

"काय नाय पडलं."

"मग?"

"...सहज."

"कंपनीच्या फोनवरनं?"

"कंपनीनं मला काय फुकट शिकवलं? झेरॉक्स मारलेल्या पुस्तकावरनं शिकले मी कॉम्प्युटर. तेवढा फोन माझा हक्क हाय."

"हाय," तो म्हणाला, माझ्यासारखाच. चिडवायला म्हणाला असेल. पण त्याच्या तोंडात तो शब्द असा काही बसला, की मी त्या संध्याकाळी स्टेशनपर्यंत छत्री न उघडताच चालत गेले.

ऑगस्टात तो स्वतः रोह्याला आला, नवीन प्रोग्रामची फ्लॉपी घेऊन. आवाजावरनं मी त्याला उंच, रुबाबदार करून ठेवला होता. आला तो किडकिडीत. चष्म्यावर थेंब, चपलेचा अंगठा तुटलेला, शर्टाच्या आत पिशवीत गुंडाळलेली फ्लॉपी. डोक्यावर पाऊस गळतोय, पण फ्लॉपी कोरडी. कंट्रोल रूममध्ये तेव्हा आम्ही पाच-सहा माणसं होतो. त्यानं कुणालाच काही विचारलं नाय. सरळ माझ्यासमोर आला.

"बोंबील?"

"...डोल," मी म्हटलं, आणि माझे कान तापले.

आमचा शिफ्ट इन्चार्ज प्रवीण आम्हां दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. "कसली भाषा रे ही?"

"कंपायलरची," अद्वय गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

तो आला ते बरं झालं असं वाटेपर्यंत दुसरा धक्का बसला. आठवडाभरानं प्रोग्राम पडला आणि पडद्यावर नावंच नव्हती. गाठोडीसुद्धा नव्हती. नुसते आकडे, लांबच लांब. खाली पाइपातनं आंबट वाफ यायला लागली, माणसं नाकाला फडकी लावून पळाली. मी फोनवर आकडे वाचत होते आणि तिकडं अद्वयचा श्वास ऐकू येत होता.

"नावं कुठायत?" तो म्हणाला. "किमया, नावं वाच ना."

"नाय रे नावं! आकडेच हायत!"

मग रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज, आणि लांबून अद्वय ओरडतोय. मालकावर. हैबतराव नावाचा तो मालक, त्यानं कारखान्यात बसवायच्या प्रतीतनं सगळी नावं पुसून टाकली होती. फ्लॉपीत मावत नव्हतं म्हणे. नावांशिवाय प्रोग्राम चालतो, मग कशाला पाहिजेत?

"चालतो हो!" अद्वयचा आवाज फाटला होता. "चालतोच! पण मेला की कोण मेलं ते कळत नाही! गाठोडं सोडवता येतं, पुसलेलं कसं सोडवू? नाव पुसायचा अधिकार कुणी दिला तुम्हाला?"

एक माणूस नावांसाठी एवढा ओरडतो? तेही यंत्राच्या आतल्या, ज्यांना आई नाय, बाप नाय अशा नावांसाठी?

नशीब, मूळ प्रत पेणला शाबूत होती. तीत नावं होती. माझा एकेक आकडा त्या प्रतीशी ताडून त्यानं चूक काढली. आणि त्याच संध्याकाळी तो रोह्याला आला, सगळे धड आहेत का बघायला. सगळे म्हणजे कोण, ते प्रवीणलाही कळलं.

परतताना दिवा स्टेशनकडं जाणारी पॅसेंजर धरली दोघांनी. मी जित्याची, तो पेणचा, माझ्या अगोदर उतरणारा. नागोठणं गेलं, कासू गेलं. खिडकीच्या दमट काचेवर त्यानं बोटानं माझं नाव लिहिलं. मग दोन आडव्या रेघा ओढल्या, आणि बोट थांबलं.

"पुढं काय लिहू?"

"पुस त्या रेघा," मी म्हटलं. "माझं नाव माझंच हाय. कुणाचं नाय."

त्यानं शर्टाच्या बाहीनं रेघा पुसल्या. नाव ठेवलं.

पेण आलं. माणसं उतरली, भाजीच्या टोपल्या चढल्या, गाडी सुटली. तो बसलेलाच.

"पेण गेलं."

"माहीत आहे."

"उतरला नाय?"

"नाही."

"का?"

"...जित्याला काय मिळतं ते बघावं म्हटलं."

"मीठ. तेसुद्धा आता नाय, आगरं पाण्यात हायत."

"मग थांबतो," तो म्हणाला. "पाणी ओसरेपर्यंत."

मी खिडकीबाहेर बघितलं. काचेत माझ्या नावामागं त्याचा चेहरा दिसत होता. एवढंच. त्यालाच मी हो समजले, आणि त्यालाही तेच म्हणायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या घरी गेले. मिठागरावर राबणाऱ्या रघू पाटलाची पोर, टिपणिसांच्या घरी. त्याचे वडील त्र्यंबकराव, निवृत्त हेडमास्तर. चेहऱ्यावर हसू, अंगात खादीचा झब्बा. मी दारातच घाबरले होते, पण ते उठून उभे राहिले.

"ये ये. आम्ही जात मानत नाही हो. हे घर तुझंच."

माझा जीव भांड्यात पडला. अद्वयची आई, आनंदीबाई, पोहे घेऊन आल्या, माझ्या डोक्यावरनं हात फिरवला आणि आत गेल्या. सगळं गोड चाललं होतं. मग मास्तरांनी चहाचा घोट घेतला.

"मैथिली," ते म्हणाले.

मी मागं वळून बघितलं. आणखी कोण आलं?

"नाव काढून ठेवलंय मी तुझं. मैथिली अद्वय टिपणीस. कसं वाटतं? आमच्याकडे सुनेचं नाव बदलतात. तांदळात अंगठीनं लिहायचं, रीतच आहे. किमयाही चांगलं आहे हो, पण हे कसं... घरात मुरतं."

कप माझ्या हातात होता. चहा अजून गरम होता. माझ्या तोंडात घोट जायच्या आत माझं नाव गेलं होतं. पाटील गेलं, किमया गेली, मिठाचा वाससुद्धा गेला. उद्या कुणी विचारलं तर ही मैथिली टिपणीस, कुठली, कुणाची, काही पत्ता नाय. जात मानत नाहीत ना! मग कशाला धुऊन काढता?

मी अद्वयकडं बघितलं.

तो पोहे खात होता. मान खाली. पोह्यातला शेंगदाणा बाजूला काढत होता.

फाटकापाशी तो मागनं धावत आला. "अगं, एवढं काय... एक नावच तर आहे. मी किमयाच म्हणेन तुला."

"फोनवर?"

"चिडू नको ना."

"हैबतरावला काय म्हणालास तू? सांग परत. नाव पुसायचा अधिकार कुणी दिला तुम्हाला? टाकीच्या नावासाठी बोंबललास, अद्वय. माझ्या नावाला तुझ्या तोंडात पोहे?"

त्यानं चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"तुझ्या आईचं नाव काय?" मी विचारलं.

"आनंदी."

"ते तुझ्या बापानं तांदळात लिहिलेलं. त्याच्या अगोदरचं?"

त्यानं तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा तो धक्का मी कधी विसरणार नाय. प्रोग्रामात इतक्या खोल उतरून कुणी कुणाला हाक मारली ते शोधणारा माणूस, आणि स्वतःला जिनं जन्म दिला तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाय, हेसुद्धा त्याला आत्ता कळत होतं.

"ते सांग," मी म्हटलं. "मग पुढचं बोलू. नाय सांगता आलं तर मला फोन करू नको. प्रोग्राम पडला तर मी हैबतरावशी बोलेन."

घरी आईला सांगितलं. धोंडुबाई माझी आई, मिठाच्या पाट्या वाहून मान ताठ झालेली. "माझा धोंडू कुनी बदलला नाय गो," ती म्हणाली. "पाट्या उचलनारीचं नाव बदलायला येळ कुनाला व्हता?" आणि मग, "पोर चांगला हाय. जरा थांब."

थांबले. फोन वाजायचा तो दुसऱ्यांचाच. प्रोग्राम मेला एकदाचा सुधारला होता, पडेचना! ह्या वेळी पडायला काय झालं होतं त्याला? प्रवीण म्हणाला, "टाकी गळत नाय म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय." मी त्याला रजिस्टर फेकून मारलं.

आणि एका दुपारी फोन वाजला. मी उचलला.

"हॅलो?"

"लिहून घे," अद्वय म्हणाला. आवाज बसलेला. "एकेक अक्षर सांगतो."

पेन सापडेना. "सांग."

"आधी ऐक. बाबांना विचारलं. ते म्हणाले, तिचं नाव आनंदीच. मी म्हटलं, त्याआधीचं. ते आठवायला लागले, किमया. खरंच आठवत होते. कपाळाला हात लावून. आणि त्यांना आठवेना. मुंडावळ्यांतली आई आठवली, सासऱ्यांची बैलगाडी आठवली. नाव नाही."

"मग?"

"मग आईकडे गेलो. सोलकढी गाळत होती. विचारलं. गाळणं हातात तसंच राहिलं, कढी हातावरनं ओघळायला लागली. म्हणाली, तुला कशाला? मी म्हटलं, मला माहीत नाही म्हणून." तो थांबला. "रडली नाही ती. हसली. म्हणाली, माहेरी, गागोद्याला माझा भाऊ होता तोवर एकजण तरी हाक मारायचा. तो गेल्यापासून कुणी नाही. क्षणभर मलाच आठवावं लागलं रे."

पत्र्यावर पाऊस नव्हता, तरी माझ्या कानात काहीतरी धडधडत होतं.

मूळ प्रत. एकच होती, गागोद्याला. तीही गेली होती.

"सांग अक्षरं," मी म्हटलं.

"पी, पापलेट."

"हं."

"यू, उधाण. टी, तिसऱ्या. ए, आगर. एल..." त्याचा आवाज फुटला, "...लेपा. आय, इरलं."

मी कागदाकडं बघितलं. गाठोडं नव्हतं. रेघा नव्हत्या. कुणाची, काय घेऊन आली, काही नाय. नुसतं नाव.

"पुतळी," मी मोठ्यानं वाचलं.

कंट्रोल रूममधली माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

"पुन्हा म्हण," अद्वय म्हणाला. "आई इथेच बसलीय. माझ्या बाजूला. तिनं आज पहिल्यांदा टायरच्या दुकानाचा जिना चढलाय."

"पुतळी," मी म्हटलं. आणि तारेच्या पलीकडनं, लांबून, बारीक, लाजल्यासारखा एक आवाज आला.

"ओ."

मग मी रडले. सगळ्यांच्या देखत. अद्वय काहीबाही बोलत होता, तुझं नाव मी पुसणार नाही, कुणाला पुसू देणार नाही, त्या दिवशी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं...

"जीभ राहू दे," मी नाक पुसत म्हटलं. "लग्नात मंगलाष्टकाला उपयोगी पडेल."

"म्हणजे... हो?"

"हाय," मी म्हटलं. "हो हाय."

लग्न जित्याला झालं, आमच्या अंगणात. आमच्यात धवलारीण लागते. लग्नाची गाणी म्हणणारी, घराघराची नावं गाण्यात गुंफणारी. म्हातारी हौसा आली होती. हळदीला तिनं माझ्या आजोळापासनं सगळी नावं घेतली आणि मग वऱ्हाडाकडं मान वळवली.

"वरमायचं नाव काय गो?"

"आनंदीबाई," त्र्यंबकराव तत्परतेनं म्हणाले.

हौसानं तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या बाजूनं, हळद लागलेल्या बायकांच्या घोळक्यातनं, वरमायचाच स्पष्ट आवाज आला.

"पुतळी."

हौसानं ते उचललं आणि घोळवून घोळवून गायलं. पुतळीचा लेक, पुतळीचा लेक. मास्तरांच्या हातातला पानाचा विडा खाली पडला. त्यांनी तो उचललाही नाय.

दुसऱ्या दिवशी पेणला ताट आलं. तांदूळ पसरलेले. अद्वयनं अंगठी धरली आणि तीन अक्षरं लिहिली. किमया. मास्तर खिडकीकडं बघत होते. मला त्यांचा राग येत होता आणि, खोटं कशाला बोलू, थोडी कीवही येत होती.

पाव्हणे पांगले. त्र्यंबकराव आरामखुर्चीत टेकले आणि सवयीनं स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "आनंदी, पाणी."

आत सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या, केळीची पानं पुसत. ऐकू गेलं त्यांना. हात थांबला नाय.

"आनंदी?"

पान पुसून झालं. दुसरं घेतलं. मी त्यांच्याकडं बघत होते. बाहेर खुर्ची करकरली. सावकाश पावलं दारापर्यंत आली. मास्तर चौकटीत उभे राहिले, हेडमास्तर नाय, नुसता एक म्हातारा. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाय. घसा खाकरला. जन्मात पहिल्यांदा एखाद्या परक्या बाईला हाक मारावी तसे ते लाजले.

"पु..." ते म्हणाले. "...पुतळी."

माझ्या सासूनं पान खाली ठेवलं. पदरानं हात पुसले. आणि वळून, नवीन नवरीसारखी मान थोडी खाली घालून, म्हणाली,

"ओ."